रात्री तीन वाजता गेटवर कोण असतं? गृहनिर्माण संस्थांच्या व्यवस्थापक समित्यांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सर्व समिती सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था (मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर आणि जिथे जिथे लिफ्टची इमारत आहे तिथे)

विषय: वॉचमनला पहिली दहा मिनिटं शिकवण्याबाबत आणि तसा ठराव करण्याबाबत.

स. न. वि. वि.

आगीचे पंप, होज रील, लिफ्ट आणि गॅसच्या जोडण्या तपासणं हे आम्हा लिहिणाऱ्यांचं काम. एकच मागणी घेऊन हे पत्र लिहीत आहोत. सप्टेंबरअखेरपर्यंत तुमची वार्षिक सर्वसाधारण सभा होईल. पार्किंग, गच्चीची गळती, मेंटेनन्सची थकबाकी हे विषय येणारच. त्यांच्या आधी अर्धा तास वॉचमनसाठी ठेवा.

६ ऑक्टोबर २०२३ रोजी पहाटे तीनच्या सुमारास गोरेगावच्या जय भवानी इमारतीत आग लागली. तळमजल्यावर पार्किंगच्या जागेत जुन्या कपड्यांचे गठ्ठे होते, ते पेटले आणि धूर जिन्यावाटे वर चढला. किमान सात जणांचा जीव गेला. अशा वेळी कुठल्याही इमारतीत चेअरमन झोपलेले असतात, सेक्रेटरी झोपलेले असतात, आणि अग्निशमन दलाची गाडी कितीही वेगाने निघाली तरी रस्त्यातच असते. जागा असतो तो गेटवरचा माणूस. पहिली दहा मिनिटं त्याच्या हातात असतात, आणि बहुतेक इमारतींत त्याला पाहुण्यांची वही आणि गाड्यांचे नंबर यापलीकडे काहीही शिकवलेलं नसतं.

त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. त्याला परवानगी नसते. धूर दिसला की तो आधी सेक्रेटरींना फोन लावतो. ते झोपेतून उठून म्हणतात, "जरा वर जाऊन बघ, मी आलोच." तो लिफ्टने वर जातो, बघतो, खाली येतो, पुन्हा फोन करतो. तोवर एका खोलीतली आग घरभर झालेली असते. खोटा फोन गेला तर आपली नोकरी जाईल ही भीती त्याला थांबवते. ही भीती तुम्हीच काढू शकता. म्हणून पहिलं काम हे: धूर, आग, गॅसचा वास किंवा कोसळलेला माणूस दिसला की कोणालाही न विचारता फोन करायचा अधिकार त्याला लेखी द्या.

फोन १०१ ला किंवा ११२ ला. काय बोलायचं तेही केबिनच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा, आणि तो हिंदी वाचत असेल तर हिंदीत लावा. इमारतीचं नाव, विंग, रस्ता, जवळची ठळक खूण, कितवा मजला, काय जळतंय, कोणी आत अडकलंय का. पत्ता पूर्ण लिहून ठेवा. नुकत्याच गावाहून आलेल्या आणि आठवड्यापूर्वी तुमच्याकडे रुजू झालेल्या माणसाला रस्त्याचं नाव माहीत असेल असं धरून चालू नका. समोरच्याने फोन ठेवेपर्यंत आपण ठेवायचा नाही.

फोननंतरचा क्रम असा. इंटरकॉमवर आधी पेटलेला मजला आणि त्याच्या वरचे मजले, मग बाकीचे, कारण धूर वर जातो. तळमजल्यावर लिफ्टच्या दाराशेजारी काचेच्या छोट्या पेटीत फायरमन स्विच असतो. तो दाबला की लिफ्ट खाली येते. ती तिथेच थांबवायची, रहिवाशांना वापरू द्यायची नाही, अग्निशमन दलासाठी मोकळी ठेवायची. मग गेटची दोन्ही दारं सताड उघडी, आणि जागा झालेल्यांपैकी एकाला नाक्यावर उभं करायचं म्हणजे गाडी पुढच्या गल्लीत शिरणार नाही. वॉचमनने एकट्याने पेटलेल्या मजल्यावर जायचं नाही. २२ ऑक्टोबर २०२१ ला करी रोडच्या एका उंच इमारतीत आग लागली तेव्हा एकोणिसाव्या मजल्यावरून पडून गेलेला माणूस सुरक्षारक्षक होता. त्याचं काम खाली आहे, आणि ते पुरेसं मोठं आहे.

आता तुमच्या यंत्रणेबद्दल, कारण ती बंद असेल तर शिकवलेला वॉचमनही हतबल आहे. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून 'फॉर्म बी', म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, घेऊन सादर करावा लागतो. तो कागद फाइलला लागला म्हणजे पंप चालतो असं समजू नका. एजन्सीच्या माणसाने सर्वात वरच्या मजल्यावर पाणी काढून दाखवलं का, एवढंच विचारा.

पंप रूमच्या पॅनेलवर एक फिरवायचा खटका असतो: ऑटो, ऑफ, मॅन्युअल. तो ऑटोवर हवा. आम्ही बघतो तेव्हा कित्येकदा तो ऑफवर असतो, आणि कारण ठरलेलं असतं. पाइपात कायम दाब राहावा म्हणून एक छोटा जॉकी पंप असतो. कुठल्यातरी मजल्यावरचा व्हॉल्व्ह ठिबकत असला की दाब उतरतो आणि जॉकी दर काही मिनिटांनी सुरू होतो. आवाज होतो, वीजबिल वाढतं, तळमजल्याचे लोक तक्रार करतात. मग ठिबकणारा व्हॉल्व्ह शोधण्याऐवजी कोणीतरी खटका फिरवून ठेवतं. आगीच्या रात्री होज रील उघडला की पाइपात उरलेलं पाणी थोडा वेळ येतं आणि संपतं. व्हॉल्व्हचं वायसर बदलायला फार खर्च येत नाही.

होज रील म्हणजे प्रत्येक मजल्यावर गोल चक्राला गुंडाळलेली रबरी नळी. सामान्य माणसाने वापरायची गोष्ट हीच. जाड कापडी होज आणि पितळी तोटी हे दोन-तीन प्रशिक्षित माणसांचं काम आहे. त्याचा दाब एकट्या माणसाला पाडू शकतो. होज रीलचा व्हॉल्व्ह आधी उघडायचा, मग नळी ओढत न्यायची आणि टोकाची तोटी आगीजवळ गेल्यावर उघडायची. वीज चालू असलेल्या पॅनेलवर किंवा मीटरवर हे पाणी मारायचं नाही. पितळी तोट्या जागेवर आहेत का तेही एकदा मोजा, त्या भंगारात विकल्या जातात.

लाल अग्निशामक सिलिंडरबद्दल गैरसमज फार आहेत. सहा किलोचा पावडरचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो. म्हणजे चूक करायला वेळ नाही. काटा हिरव्या पट्ट्यात आहे हे बघायचं, पिन ओढायची, दोन-अडीच मीटरवर उभं राहायचं, नोझल ज्वाळेच्या शेंड्याकडे न धरता बुडाशी धरायचं, दांडी दाबायची आणि झाडू मारल्यासारखं डावी-उजवीकडे फिरवायचं. बाहेरचं दार आपल्या पाठीशी हवं. आग कमरेच्या वर गेली असेल, किंवा एक सिलिंडर संपूनही ती विझली नसेल, तर बाहेर यायचं आणि येताना दार लावून घ्यायचं. लावलेलं दार आगीची हवा तोडतं आणि जिना वाचवतं. कढईतलं तेल पेटलं असेल तर पाणी अजिबात नको. पाणी उकळत्या तेलाखाली जातं, क्षणात वाफ होऊन सतराशे पट फुगतं आणि जळतं तेल छतापर्यंत उडवतं. गॅस बंद, वर मोठं झाकण किंवा परात, आणि कढई पूर्ण निवेपर्यंत ते उचलायचं नाही. पेटलेली कढई उचलून मोरीकडे नेण्याच्या नादात माणसं भाजतात.

धुराचं सांगायला हवं, कारण आगीत बहुतेक माणसं ज्वाळेआधी धुरानेच जातात. २०१७ च्या डिसेंबरअखेर लोअर परळच्या कमला मिल आवारातल्या आगीत १४ जण गेले. त्यातले बरेचजण स्वच्छतागृहात आसऱ्याला गेले आणि तिथे गुदमरले. बाहेरचा रस्ता नसलेली खोली हा आसरा नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली तेव्हा एका दहा वर्षांच्या मुलीने शेजाऱ्यांना ओल्या कापडातून श्वास घ्यायला सांगितलं. शाळेत शिकवलेलं तिला ऐनवेळी आठवलं. ओलं कापड काजळी आणि उष्णता अडवतं, श्वास सुसह्य करतं. मात्र धुरातला कार्बन मोनॉक्साइड त्यातून सहज जातो, त्याला वास नाही, रंग नाही. म्हणून ओलं कापड मिनिटं मिळवून देतं. त्या मिनिटांत बाहेर पडायचं असतं.

कुठे जायचं? घराच्या दाराला आधी हाताची मागची बाजू लावून बघायची. गार असेल आणि जिन्यात धूर नसेल तर जिन्याने खाली, वाकून, भिंतीला धरून. जिना धुराने भरला असेल तर घरातच राहायचं: दार बंद, फटीत ओले टॉवेल, एसी बंद, रस्त्याकडच्या खिडकीत किंवा बाल्कनीत उभं राहून १०१ ला आपला फ्लॅट नंबर सांगायचा. उंच इमारतींत रेफ्यूज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी आसऱ्याला थांबायची जागा, असतो. तो मोकळा आणि उघडा असायला हवा. मोडकी कपाटं, कुंड्या आणि योगासनांच्या चटया ठेवायला ती जागा नाही. जिन्याची आपोआप मिटणारी दारं वीट लावून उघडी ठेवू नका. वारा येतो म्हणून ती उघडी ठेवतात, आणि आगीच्या रात्री त्याच वाटेने धूर येतो. खिडक्यांना पेटीसारख्या जाळ्या असतील तर निदान एका जाळीला आतून उघडणारी झडप आणि किल्ली जाळीशेजारच्या खिळ्यावर, एवढं करून घ्या.

आणि तळमजला. जुन्या इमारतींत मीटर रूम जिन्याच्या तोंडाशी असते. तिथे रद्दी, सायकली, गणपतीच्या सजावटीचं थर्माकोल साठवणं म्हणजे धुराड्याच्या बुडाशी सरपण रचणं. इलेक्ट्रिक स्कूटर तिथून एक्स्टेन्शन वायर ओढून रात्रभर चार्ज होत असतील तर ते आजच बंद करा. लिथियम बॅटरीतून सूं आवाज किंवा पांढरा धूर आला की वॉचमनने पावडर मारत बसायचं नाही. आतलं रसायन पुन्हा पुन्हा पेटतं आणि धूर विषारी असतो. लांब व्हायचं, जिन्याकडचं दार लावायचं, १०१. चार्जिंगला वेगळी जागा, वेगळी वायरिंग, स्वतःचा एमसीबी आणि अर्थिंग, आणि जिन्यापासून अंतर हवं.

गॅसच्या वासाच्या वेळी सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथे जरा थांबतो. चौथ्या मजल्यावरून कोणी इंटरकॉमवर सांगतं, शेजारच्या बंद घरातून वास येतोय. वॉचमन वर जातो आणि पहिली गोष्ट काय करतो? बेल दाबतो. बेलच्या बटणातही ठिणगी पडते. दार हाताने वाजवायचं. कुठलंही बटण चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. पंखा चालू असेल तर चालू राहू दे. जिन्यातला दिवासुद्धा नको. मोबाइल एक मजला वर जाऊन किंवा इमारतीबाहेर येऊन वापरायचा.

सिलिंडरचा गॅस, म्हणजे एलपीजी, हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत साचतो, दाराखालून जिन्यात उतरतो, लिफ्टच्या खड्ड्यात आणि बेसमेंटमध्ये बसतो. हवेत साधारण दोन ते नऊ टक्के मिसळला की पेटायला तयार. त्यामुळे चौथ्या मजल्यावरची गळती तिसऱ्या मजल्याचाही धोका आहे, आणि त्या जिन्यात कोणी विडी शिलगावत नाही ना हे बघायला हवं. खिडक्या आणि बाल्कनीची दारं उघडायची, वरची झडप उघडून भागत नाही; गॅस खाली आहे, केराच्या झाडूने किंवा पुठ्ठ्याने तो दाराबाहेर, मोकळ्या हवेकडे लोटायचा. पाइपचा गॅस उलट, हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो. त्यासाठी वरच्या खिडक्या आणि एक्झॉस्टची जाळी महत्त्वाची, पण एक्झॉस्टचा पंखा लावायचा नाही.

घरात कोणी असेल तर: शेगडीच्या कळा बंद, रेग्युलेटरची कळ बंद, रेग्युलेटर काढून सिलिंडरच्या तोंडावर दोरीने बांधलेलं प्लॅस्टिकचं टोपण घट्ट बसवायचं. ते टोपण बरेचजण सिलिंडर आल्या दिवशी फेकून देतात. ठेवा. मग सगळ्यांनी बाहेर, आणि १९०६ ला फोन. एलपीजी गळतीसाठीचा हा क्रमांक चोवीस तास असतो. पाइपच्या गॅसला स्वयंपाकघरात मीटरजवळ आडवी-उभी फिरणारी मूठ असते: पाइपला समांतर म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद. प्रत्येक विंगचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे वॉचमनला दाखवा, आणि गॅस कंपनीचा आपत्कालीन क्रमांक बिलावर छापलेला असतो, तो केबिनमध्ये लावा.

केशरी सुरक्षा नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी ती बदलायची. सिलिंडरच्या गळ्याच्या पट्टीवर ए, बी, सी, डी अक्षर आणि वर्ष असतं, त्याची पुढची तपासणी कधीपर्यंत व्हायला हवी ते सांगणारं. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. ती तारीख उलटलेला सिलिंडर घ्यायचा नाही. सूचना फलकावर एवढं एक पान लावलंत तरी चार घरांत तरी नळी बदलली जाईल.

लिफ्ट अडकली की दोन प्रकारच्या घाया होतात, आतल्यांची आणि बाहेरच्यांची. आतल्यांना पहिल्यांदा सांगायचं ते हे: लिफ्टला हवेच्या झरोक्यांची सोय असते, गुदमरायचं काहीही कारण नाही, दार ढकलू नका, खाली बसा. हे इंटरकॉमवरून शांत आवाजात सांगायला वॉचमनला शिकवा. वीज गेली असेल तर बचाव यंत्र असलेली लिफ्ट स्वतःच जवळच्या मजल्यावर येऊन उघडते, तेव्हा एक-दोन मिनिटं थांबायचं. नाही आली तर देखभाल कंत्राटाच्या मेकॅनिकला फोन. बाहेरच्यांची घाई जीवघेणी असते. तिकोनी किल्लीने दार उघडतात, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अर्धी लटकलेली दिसते, आणि आतल्याला "उडी मार" म्हणतात. उडी मारताना पाय घसरला की लिफ्टच्या तळाखालच्या मोकळ्या फटीतून माणूस थेट खड्ड्यात जातो. मधेच वीज आली तर लिफ्ट हलू शकते. म्हणून नियम असा: मेन स्विच बंद करून त्याच्याजवळ एक माणूस उभा केल्याशिवाय दाराला हात नाही, आणि लिफ्टचा तळ मजल्याच्या पातळीपासून एका फुटाच्या आत नसेल तर मेकॅनिक किंवा अग्निशमन दल येईपर्यंत वाट बघायची. मशीन रूममध्ये ब्रेक सोडून, चाक हाताने फिरवून लिफ्ट मजल्याशी आणायचं काम प्रशिक्षण घेतलेल्यांनीच करायचं.

पाण्याच्या टाकीत सफाईला किंवा वॉटरप्रूफिंगला उतरलेला माणूस हाकेला उत्तर देईनासा झाला की वरचा माणूस त्याच्यामागे उडी मारतो, आणि मग तिसरा. बंद टाकीत प्राणवायू कमी असतो, रंगाच्या आणि रसायनांच्या वाफा असतात. आत शिरणाऱ्याला धाप लागायच्याही आधी शुद्ध जाते. कमरेला दोरी आणि वर धरायला माणूस असल्याशिवाय टाकीत कोणी उतरणार नाही, झाकणं उघडून पंख्याने हवा खेळती केल्याशिवाय तर नाहीच, आणि कोणी कोसळलं तर दुसरा आत जाणार नाही, १०१ ला फोन जाईल. कंत्राटदाराला हे कामाच्या पत्रातच लिहून द्या.

विजेचा धक्का बसलेल्याला हात लावण्याआधी मेन बंद. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने वायर बाजूला. पावसाळ्यात गेटचे दिवे आणि पंपाचं स्टार्टर ही नेहमीची ठिकाणं. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लगेच ती तोडणारा खटका, बसवा आणि त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का बघा. कोसळलेला माणूस हलवूनही उत्तर देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल तर १०८, आणि लगेच छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी दाब: पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची, रुग्णवाहिका येईपर्यंत माणसं बदलत चालू ठेवायचं. अधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. हे वाचून येत नाही. पुतळ्यावर एकदा करून बघावं लागतं, आणि सोसायटीच्या हॉलमध्ये एका सकाळी होतं.

किल्ल्यांचा प्रश्न लहान वाटतो. गच्ची, पंप रूम, लिफ्टची मशीन रूम, मीटर रूम यांच्या किल्ल्या सेक्रेटरींच्या घरी असतात, आणि सेक्रेटरी गणपतीला गावी. त्या किल्ल्यांचा एक जोड, प्रत्येकीला नावाची पट्टी लावून, केबिनमध्ये काचेच्या पेटीत ठेवा. त्याच पेटीत बंद पाकिटात यादी ठेवा: कोणत्या फ्लॅटमध्ये अंथरुणाला खिळलेली व्यक्ती आहे, कुठे एकटे आजी-आजोबा आहेत, कोण ऑक्सिजनवर आहे, त्यांच्या मुलांचे फोन नंबर. दर सहा महिन्यांनी ती बदला.

सराव रविवारी सकाळी दहाला ठेवू नका. रात्री साडेआठला ठेवा, सगळे घरी असतात. पहिल्या वेळी वीस मिनिटं लागतील आणि गोंधळ होईल. तो कागदावर लिहून ठेवा, दुसऱ्या सरावाला तेवढंच दुरुस्त करा. एजन्सीकडून वॉचमन तीन महिन्यांत बदलतो अशी सबब देऊ नका. नवा आला की पहिल्या पाळीआधी एक तास त्याला इमारत फिरवायची, चार व्हॉल्व्ह, दोन स्विच आणि पंपाचा खटका हाताने दाखवायचा, आणि त्याची वहीत सही घ्यायची.

खाली ठरावाचा मसुदा देत आहोत. शब्द बदलले तरी चालेल, पण तिसरं वाक्य काढू नका.

"ठराव: संस्थेच्या सुरक्षारक्षकास आग, धूर, गॅसचा वास, लिफ्टमध्ये अडकलेली व्यक्ती अथवा बेशुद्ध व्यक्ती आढळल्यास १०१, ११२, १०८ अथवा १९०६ या क्रमांकांवर समितीच्या परवानगीशिवाय तात्काळ संपर्क साधण्याचा अधिकार देण्यात येत आहे. त्यासाठी आवश्यक किल्ल्या, क्रमांक आणि प्रशिक्षण देण्याची जबाबदारी समितीची राहील. सद्हेतूने केलेला असा संपर्क नंतर अनावश्यक ठरला, तरी त्याबद्दल सुरक्षारक्षकाचा पगार कापला जाणार नाही अथवा त्यास कामावरून काढले जाणार नाही. सदर ठरावाची प्रत मराठी व हिंदीत गेटवरील केबिनमध्ये लावण्यात यावी."

आपले,
इमारतींच्या सुरक्षा तपासणीचं काम करणारे काही जण